भाड्याच्या हडंब्यावर सोयाबीनची मळणी : मंगरूळपीर (जि. वाशिम) भागातील अनुभव

यंदा आमच्या सोयाबीनची मळणी शेजारच्या गावातील एका हडंबेवाल्याकडून, म्हणजे मळणी यंत्रवाल्याकडून, करून घेतली. मजूर मिळत नसल्याने ज्यांच्या घरची माणसेच सुडीजवळ (कापून रचलेल्या पिकाच्या ढिगाजवळ) उभी राहतात, त्यांच्यासाठी ही सेवा कशी आहे, हे मुद्दाम लिहीत आहे.

त्या संध्याकाळी वडील आणि पुतण्या सुडी मोडून देत होते, वहिनी कवळे (पिकाच्या पेंढ्या) पुढे करत होत्या आणि आई पोत्यांची तोंडे शिवत होती. अशा वेळी यंत्राच्या झपाट्यापेक्षा चालकाची सावधगिरी मला मोलाची वाटते. काम सुरू करण्याआधीच तो म्हणाला, “वहिनी, पदर पक्का खोचून घ्या, अन् कवळा लांबूनच सोडा.” यंत्रात कवळा टाकण्याची जागा लांब आणि वरून झाकलेली होती. भारतीय मानकानुसार ती किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यापैकी ४५ सेंटिमीटर झाकलेली असावी लागते. ज्या यंत्रावर ती आखूड आणि उघडी आहे, ते स्वस्तात मिळाले तरी घरच्या माणसांना त्याच्यापुढे उभे करू नये. मळणी यंत्रांना लागू होणारा धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा १९८३ पासून आहे, पण बांधावर त्याची आठवण कोणी करून देत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे दाणा. घरचे बियाणे ठेवायचे आहे असे सांगताच चालकाने ड्रमचे फेरे कमी केले. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी खाली असतो, त्यामुळे बियाण्यासाठी फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपासच ठेवावे लागतात. वेग वाढला की दाणा वरून अखंड दिसला तरी उगवण घटते. ओंजळभर दाणे बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा डाळ झालेले दाणे क्वचितच सापडले.

तक्रार आहे ती वेळेची. दुपारचा शब्द देऊन यंत्र दिवस मावळताना आले. ऑक्टोबरात अंधार पडला की दव उतरते, शेंगा सादळतात आणि न फुटलेल्या शेंगा कुटारासोबत (भुशासोबत) मागे पडतात. शेवटच्या तासातील कुटार चाळले, तर त्यात बरेच दाणे निघाले. शिवाय बाजारात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा भरला की भाव कापला जातो, म्हणून सगळा माल ताडपत्रीवर पुन्हा वाळवावा लागला. हा खर्च आणि हे कष्ट आमच्याच अंगावर पडले, आणि दर पोत्यामागे ठरलेला असल्याने उशिराची झळ यंत्रवाल्याला अजिबात लागली नाही.

तरीही पुढच्या हंगामात मी याच माणसाला सांगणार आहे. मात्र दसऱ्याआधीच बोलणी करून, ऊन असेपर्यंतच मळणी होईल आणि राहिलेली सुडी झाकून दुसऱ्या दिवशी काढली जाईल, हे आधी ठरवून घेईन.