सेव्ह हळू होतंय म्हणून गळ्यात मारलेली २ टीबीची डिस्क

इंदूरमध्ये गणपतीच्या तोंडावर आरत्या-भजनांची, नाट्यपदांची रेकॉर्डिंग घरच्या खोल्यांतून चालू होतात, आणि नेमकं तेव्हाच रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्हसाठी कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीन वीस-पंचवीस सेकंद गोठते. ही तक्रार घेऊन आमचा ग्रुप कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. निदान काउंटरवरच झालं: "भिया, हार्ड डिस्क चोक हो गई है." औषधही तिथेच तयार होतं. धातूच्या चकचकीत खोक्यातली २ टीबीची 'पोर्टेबल एसएसडी', तीन हजारांच्या आत. बिल मागितल्यावर साध्या कागदावर आकडा लिहून मिळाला.

यात फसवणूक दोनदा झाली. निदान खोटं होतं आणि माल त्याहून खोटा. माल ओळखायच्या आधी निदान ओळखता आलं, तर दुकानात जायची वेळच येत नाही.

रीपरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे साधा मजकूर. आवाज तिच्यात नसतो, तो वेगळ्या वेव्ह फायलींत असतो. तीस-चाळीस ट्रॅकांचा प्रोजेक्टही सहसा काही एमबींत मावतो, आणि तेवढं लिहायला जुन्यात जुनी हार्ड डिस्कही पुरते. वेळ लिहिण्यात कमी आणि गोळा करण्यात जास्त जातो. सेव्ह करताना प्रत्येक प्लगइनला, म्हणजे ट्रॅकवर चढवलेल्या वाद्याच्या किंवा इफेक्टच्या छोट्या प्रोग्रामला, त्याची सध्याची अवस्था (सगळी सेटिंग्ज) विचारली जाते, आणि सगळी उत्तरं आल्याशिवाय फाइल पुरी होत नाही. एखादा सॅम्पलर (साठवलेले आवाज वाजवणारं प्लगइन) किंवा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं) मूळ सॅम्पलच, म्हणजे साठवलेला आवाजच, उत्तरात कोंबून देतो. मग एका तानपुऱ्याच्या ट्रॅकपायी फाइल शंभर एमबींवर जाते. क्युबेस या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही प्लगइनांची अवस्था प्रोजेक्टमध्येच साठते, त्यामुळे दुखणं तेच.

म्हणून आधी प्रोजेक्ट फाइलचा आकार बघा. मोठा असेल तर प्रोजेक्टची प्रत करा, तिच्यातल्या अर्ध्या ट्रॅकांवरची प्लगइनं काढून टाका आणि सेव्ह करा. वेळ घटली तर चोर त्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की पाच-सहा फेऱ्यांत एकच प्लगइन उरतं. प्लगइन नुसतं बायपास करून, म्हणजे जागेवर ठेवून त्याचा परिणाम बंद करून, भागत नाही, कारण बायपास केलेल्या प्लगइनलाही अवस्था विचारली जातेच. सापडलेल्या ट्रॅकचा आवाज वेव्हमध्ये उतरवा, ते प्लगइन काढून टाका, आणि गोष्ट मिटवा.

आकार लहान असूनही सेव्ह रेंगाळत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये अनडूचं (केलेले बदल मागे घेण्याचं) पान उघडा. अनडूचा इतिहास प्रोजेक्टबरोबर साठवायचा पर्याय चालू असला, तर दर सेव्हला एक वेगळी अनडू फाइलही लिहिली जाते. जड प्लगइन असलेल्या प्रोजेक्टात ती मूळ फाइलपेक्षा कितीतरी फुगते. तिसरा संशयित म्हणजे फायली इंटरनेटवर साठवणारा वनड्राइव्ह. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा मालकाच्या नकळत त्याच्या ताब्यात गेलेले असतात, आणि सेव्ह झालं की तो फाइल वर चढवायला धावतो. सिंक थोडा वेळ थांबवून फरक बघा. विंडोज डिफेंडर या अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, प्रोजेक्टचा फोल्डर घालणं हा त्याच जातीचा उपाय आहे, मात्र बाहेरून डाउनलोड केलेलं काही त्या फोल्डरात ठेवू नका.

डिस्कवर आळ घ्यायचा तर एकच कसोटी पुरे: तोच प्रोजेक्ट 'सेव्ह ॲज' करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. तिथेही तेवढाच वेळ लागला तर डिस्क निर्दोष. आमच्या बाबतीत तसंच होतं. अनडूचा इतिहास बंद केला, तानपुरा वेव्हमध्ये उतरवला, आणि 'चोक' झालेल्या त्याच जुन्या डिस्कवर सेव्ह डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊ लागलं. पण हे कळेपर्यंत नव्या डिस्कवर बरंच रेकॉर्डिंग झालेलं होतं.

आता मालाकडे. अशा खोक्यात बहुधा यूएसबी कार्ड रीडरचं सर्किट असतं, त्यात गोंदाने चिकटवलेलं एखादं मायक्रो एसडी कार्ड, आणि हाताला भार लागावा म्हणून कधी लोखंडाचा तुकडा. सर्किटमधलं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) विंडोजला २ टीबी असल्याचं सांगतं. खरी जागा आमच्या नगात ६४ जीबी निघाली. ती भरली की काही नगांत नवा डेटा जुन्यावर चढतो, काहींत नुसताच हवेत जातो. एरर कुठलीच येत नाही.

ही लबाडी रेकॉर्डिंग करणाऱ्याला उशिरा कळते, त्याला कारण आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. सोळा ट्रॅक एकदम घेतले तरी सेकंदाला जेमतेम २.३ एमबी. एवढा वेग बऱ्यापैकी कार्डालाही झेपतो, त्यामुळे रेकॉर्डिंग बिनतक्रार होतं. सोळा ट्रॅकांचं तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे ८.३ जीबी, म्हणजे ६४ जीबी भरायला साडेसात तासांहून जास्त लागतात. तोवर सगळं आलबेल. आणि त्यानंतरही वेव्हफॉर्म (आवाजाचं चित्र) जसाच्या तसा दिसू शकतो, कारण ते चित्र वेगळ्या छोट्या पीक फाइलवरून काढलेलं असतं. पखवाजाच्या थापा स्क्रीनवर ठसठशीत दिसतात आणि वाजवलं की कर्कश खरखर नाही तर शांतता.

दुकानात विश्वास बसावा म्हणून एक सिनेमा कॉपी करून दाखवतात. ६४ जीबीत सिनेमा मावणारच. खरी परीक्षा म्हणजे डिस्क भरणं आणि परत वाचणं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा फुकट प्रोग्राम तेच करतो, मॅक-लिनक्सवर एफ-थ्री. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने अख्खे २ टीबी लिहायला २७ तासांहून जास्त लागतील, म्हणून कोणी करत नाही, आणि विकणारा त्यावरच जगतो. रिकाम्या नव्या डिस्कवर प्रोग्रामला फक्त १०० जीबी लिहायला सांगा. ६४ जीबीचं बिंग तेवढ्यात फुटतं. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह वापरा, तो डिस्कभर पसरलेल्या ५७६ जागा तपासतो आणि काही मिनिटांत नकाशा दाखवतो. डिस्कची माहिती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रामही उघडा. खरी एसएसडी तिथे मॉडेल, तापमान आणि किती तास चालली हे सहसा सांगते. आमचा नग यादीत आलाच नाही. २ टीबीच्या जागी विंडोज १.८१ दाखवतं ते मात्र मोजण्याच्या पद्धतीमुळे, त्यावरून भांडू नका.

खोकंही वाचा. आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असावी लागते. २५६ जीबीहून मोठ्या यूएसबी एसएसडीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, हवा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. आणि किंमत: खऱ्या २ टीबीला पाच आकडी रक्कम पडते. तीन हजारांत ती देणारा दानशूर नसतो.

डिस्क खोटी निघाली तर त्या क्षणापासून तिच्यावर काहीही लिहू नका, फॉरमॅट तर नाहीच. रीपरमध्ये प्रोजेक्ट उघडून ठेवला तरी ऑटोसेव्ह लिहीत राहतं, म्हणून प्रोजेक्ट बंद करा. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि प्रत्येक वेव्ह शेवटपर्यंत ऐका; फाइलचा आकार बरोबर आहे म्हणजे आत आवाज आहे असं नाही.

आमच्या दुकानदाराने आधी "डेटा की गारंटी नहीं होती" म्हणून हात झटकले, मग बदली म्हणून त्याच पेटीतला दुसरा नग पुढे केला. तक्रार डेटाची करूच नका, २ टीबी म्हणून ६४ जीबी विकल्याची करा. खोकं, तपासणीच्या निकालाचा फोटो आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा, पक्कं बिल नसलं तर पैसे दिल्याचा पुरावा तोच. डिस्क फोडून बघायचा मोह आवरा, उघडलेल्या नगावर तुम्हीच कार्ड बदलल्याचा आळ येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन करता येतो. माल ऑनलाइन मागवला असेल आणि विकणारा गायब झाला असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा.