गॅस गीझर नऊ महिने वापरल्यावर: बाथरूमबाहेर बसवता येत असेल तरच घ्या

६ लिटरचा (म्हणजे मिनिटाला ६ लिटरपर्यंत पाणी तापवणारा) साधा गॅस गीझर, त्याला स्वतंत्र १४.२ किलोचा सिलेंडर, घरात तीन माणसं, आंघोळ बादलीने. गीझर ड्राय बाल्कनीत आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून बाथरूममध्ये. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोज वापर झाला. पाणी तापवायचं काम तो चोख करतो. १८ लिटरची बादली चार मिनिटांत भरते, वीज गेली तरी अडत नाही आणि सिलेंडर साधारण अडीच महिने पुरतो. पण तो कुठे बसवायचा, हा प्रश्न कुठला घ्यायचा यापेक्षा मोठा आहे, आणि दुकानात त्यावर कोणी बोलत नाही.

हिशेब करून बघा. असा गीझर तासाला सुमारे ०.९ किलो गॅस जाळतो, म्हणजे मिनिटाला १५ ग्रॅम. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण साडेबारा घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवाच मुळी साडेपाच घनमीटर. दार-खिडकी घट्ट लावलेली असेल तर चार मिनिटांत ६० ग्रॅम गॅस पाऊण घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो, आणि २१ टक्के ऑक्सिजन १८ टक्क्यांवर येतो. ही झाली एक बादली. खोली ऊबदार करायच्या चांगल्या, उचलून नेता येणाऱ्या गॅस हीटरमध्ये याच १८ टक्क्यांच्या आसपास गॅस तोडणारी खास पायलट ज्योत (सतत पेटती छोटी ज्योत) असते. आपल्याकडच्या साध्या गीझरमध्ये ती नसते. असतो तो २० मिनिटांचा टायमर. नळ बंद करून पुन्हा सोडला की तो पहिल्यापासून मोजायला लागतो. हवेचं त्याला काही कळत नाही.

हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची चुरचूर. एलपीजीत मिसळलेला वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे ‘वास आला की कळेलच’ हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. पहिल्या आंघोळीपेक्षा दुसरी धोक्याची, आणि तिसरी त्याहून. नरक चतुर्दशीची पहाट आठवा: थंडी असते म्हणून खिडकी लावलेली, आणि घरातले सगळे एकामागोमाग अभ्यंगस्नानाला. मधे कोणी दार पाच मिनिटंही उघडं ठेवत नाही.

एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं पुष्कळ जण म्हणतात. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखालून किंवा जाळीतून तेवढीच ताजी हवा आत आली नाही तर त्याचा उपयोग नाही. शिवाय फॅन विजेवर चालतो आणि गीझर दोन सेलवर. वीज गेली की फॅन थांबतो, ज्योत चालूच राहते.

म्हणून गीझर बाहेर, हे पक्कं. त्यासाठी सोसावं लागतं ते फार थोडं. अर्ध्या इंची पाइपात चार मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावतं, तेवढं आधी थंड येतं, मग गरम. गीझरला लागून पहिला फूटभर पाइप धातूचा ठेवा, पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाइप चालतो. साधा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो. गॅससाठी दीड मीटरची सुरक्षा नळी, दर पाच वर्षांनी बदलायची, आणि ती भिंतीत गाडायची नाही. सिलेंडर उभाच हवा, बाल्कनीतल्या मोरीच्या तोंडाशी नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तो मोरीत उतरून साचतो. जोडणी झाल्यावर साबणाचा फेस लावून प्रत्येक सांधा तपासा, काडी पेटवून नाही.

आणि बाल्कनी बाल्कनीच राहू द्या. स्लायडिंगच्या काचा लावल्या किंवा पावसाची झड येते म्हणून प्लॅस्टिक ताणलं, की तीही एक बंद खोलीच झाली. वाऱ्याने ज्योत विझत असेल तर एका बाजूला पत्र्याचा आडोसा करा, पण वर, खाली आणि समोर मोकळं हवं. वाळत घातलेले कपडे गीझरसमोर नकोत.

नऊ महिन्यांत बिघडलं ते सगळं किरकोळ, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. सहाव्या महिन्यात निळ्या ज्योतीची टोकं पिवळी झाली. कव्हर काढल्यावर बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जेटला (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राला) चिकटून, कापसाच्या बोळ्यासारखं कोळ्याचं जाळं निघालं. हवा शिरायची वाटच तिथे अडली होती. वर तांब्याच्या पत्र्यांवर काजळीचा पातळ थर. सिलेंडर बंद करून मऊ ब्रशने झाडल्यावर ज्योत पुन्हा निळी. पिवळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची शक्यता, त्या दिवशी गीझर वापरायचाच नाही. बाकी थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली गाळणी महिन्याला धुवावी लागते, नाहीतर पाण्याचा दाब पडतो आणि गीझर पेटतच नाही. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर असेल तर हीच अडचण पहिल्या दिवसापासून येते, घेण्याआधी किमान दाबाचा आकडा बघा. बोअरचं पाणी असेल तर क्षार काढायचं काम वर्षातून एकदा मेकॅनिककडून.

अलार्म घेताना नीट बघा. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुतेक एलपीजी गळतीचा, तो जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. युरोपीय मानकाचा असेल तर १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) १० ते ४० मिनिटांत, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. बाथरूमच्या वाफेत तो खराब होतो, म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीला.

ज्यांचा गीझर आज बाथरूममध्येच आहे त्यांनी तो हलवेपर्यंत एवढं कराच. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा, गीझर आणि रेग्युलेटर बंद करा, पाच मिनिटं जाऊ द्या, मग आंघोळीला आत जा. दुसऱ्या माणसासाठी पुन्हा हेच सगळं. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यासाठी यात एकदाही सूट नाही. आत कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून घरी थांबू नका. रक्ताला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्या यंत्राला ऑक्सिजनसारखाच दिसतो. दवाखान्यात पोचल्यावर ‘गॅस गीझर चालू होता’ हे पहिलं वाक्य असू द्या.