रिप्लेसमेंट बकल: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

खान्देशात सॅकचं कापड सहसा आधी जात नाही, आधी बकल जातं, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडणारी प्लॅस्टिकची क्लिप. पक्षी आणि झाडांच्या नोंदींसाठी आमचा गट यावल अभयारण्य, पाल, शहाद्याकडचा सातपुडा आणि हिवाळ्यात हतनूरचा जलाशय असा फिरत असतो. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांच्या जुन्या सॅक, कॅमेऱ्याच्या बॅगा, दुर्बिणीचे हार्नेस (दुर्बीण छातीवर धरून ठेवणारे पट्टे) आणि तंबूचे पट्टे एकत्र काढले. कापड शाबूत, शिलाई शाबूत, चेनसुद्धा बहुतेक चालू. निकामी झालं होतं ते पंधरा-वीस रुपयांचं प्लॅस्टिक. त्यापायी चार-पाच हजारांची सॅक माळ्यावर टाकायची हे मला पटलं नाही. तेव्हापासून बकलं बदलत आलो, आणि आता पावसाळा सरल्यावर हे लिहितो आहे.

दोन प्रकारची बकलं वापरली. पहिलं नेहमीचं, म्हणजे ज्याच्या दांडीभोवती पट्टा घालून शिवावा लागतो. दुसरं फटीच्या दांडीचं: दांडीला तिरकी चीर असते, त्यातून पट्ट्याची शिवलेली कडी आत सरकवायची, शिवण उसवावी लागत नाही. हे दुसरं ऑनलाइन मागवलं, पहिलं जळगाव आणि धुळ्यात बॅगांचं सामान विकणाऱ्या दुकानांत सुटं मिळालं.

आधी मापाचं बोलू. दुकानात इंचाने मागतात, पाकिटावर मिलिमीटर लिहिलेलं असतं. पाऊण इंची म्हणजे २० मिमी, एक इंची २५, दीड इंची ३८, दोन इंची ५०. माप बकलाच्या बाहेरच्या रुंदीचं घ्यायचं नाही, पट्ट्याचं घ्यायचं. छातीच्या पट्ट्याला बहुधा २० किंवा २५, बाजूच्या आवळपट्ट्यांना २५, कमरेच्या पट्ट्याला ३८ किंवा ५०. दुसरी गोष्ट, नर (आत शिरणारा दोन भुजांचा भाग) आणि मादी (तो ज्यात बसतो ती पोकळ बाजू) एकाच जोडीचे घ्यायचे. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या क्लिपा एकमेकींत बसतीलच असं नाही, आणि कधी कधी त्या बसल्यासारख्या वाटतात, टक् आवाजही येतो, पण ओझं आलं की निसटतात. त्यामुळे मोडला नुसता नर असला तरी बदलायची जोडीच.

आता खरा मुद्दा, प्लॅस्टिक कोणतं? दिसायला सगळी काळी बकलं सारखीच. पण त्यात प्रामुख्याने तीन जाती असतात: ॲसिटल, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलिन. चांगल्या बकलाच्या पाठीवर बारीक अक्षरांत पीओएम किंवा पीए असा शिक्का असतो. पीओएम म्हणजे ॲसिटल, पीए म्हणजे नायलॉन. शिक्का नसेल तर घरच्या घरी ओळखता येतं. पेलाभर पाण्यात बकल टाका. तरंगलं तर पॉलिप्रॉपिलिन, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. बुडालं तर दुसऱ्या पेल्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला आणि त्यात टाका. इतक्या खारट पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. साधं नायलॉन १.१४ चं, ते वर येतं. ॲसिटल १.४ चं, ते तळाशीच राहतं. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉनही तळाशी जातं, एवढा एक अपवाद लक्षात ठेवायचा. टाकण्याआधी बकलाच्या पोकळीत हवेचा बुडबुडा अडकला नाही ना ते बघा, नाहीतर निकाल उलटा येतो.

एवढा खटाटोप का, ते आपल्याकडच्या हवेमुळे. नायलॉन हवेतला ओलावा धरून ठेवतं. पूर्ण भिजलं तर वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं. तो ओलावाच त्याला चिवट ठेवतो. ॲसिटल एक टक्कासुद्धा शोषत नाही. कोकणात किंवा मुंबईत हा फरक कुणाला जाणवणारही नाही, पण एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि नायलॉनचं बकल त्या दिवसांत कडक होतं. मादीत नर घालताना दोन्ही भुजा दाबल्या की हाताला ते कळतं. गटातल्या एका सॅकचं नायलॉनचं बकल मेमध्ये पालच्या रस्त्यावर जीपच्या दारात चेपलं आणि सरळ दोन तुकडे झाले. तसंच बकल पावसाळ्यात पायाखाली आलं, ते वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. पावसाळ्यात ते थोडं मऊ आणि सैल वाटतं हेही खरं. ॲसिटलचा आवाज आणि पकड मात्र बारा महिने सारखी राहिली.

ॲसिटलची दुखरी जागा म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग आधी निस्तेज होतो, मग बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, मग केसासारख्या भेगा दिसतात. यावर सर्वांत चांगलं संरक्षण म्हणजे प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला काळा कार्बन. म्हणून मी आता रंगीत बकल घेतच नाही. केशरी आणि निळी बकलं फोटोत छान दिसतात, पण आमच्या जुन्या सामानात भुकटी सुटलेली सगळी बकलं रंगीतच निघाली.

दुर्बिणीच्या हार्नेसवर उन्हाचा हा परिणाम सर्वांत जास्त दिसतो. शहाद्याजवळ १९९७ मध्ये रानपिंगळा (घुबडाची एक छोटी जात) ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, आणि आजही त्या भागात गेलं की तो दिसावा अशी आस असतेच. तो पिंगळा दिवसाही हिंडतो. त्यामुळे त्याच्या मागावर असलं की विरळ सागाच्या रानात, पानगळीनंतर सावलीच उरलेली नसताना, तासन्‌तास उन्हात उभं राहावं लागतं. सॅक खाली ठेवता येते, हार्नेस अंगावरच असतो. म्हणून हार्नेसची चारही बकलं काळ्या ॲसिटलची घातली. अख्खा उन्हाळा काढून त्यांच्यावर एकही भेग नाही.

फटीच्या दांडीच्या बकलांबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘शिलाईची गरज नाही’ एवढं वाचून लोक ती सगळीकडे लावतात. लावायची पद्धत सोपी. मोडक्या बकलाची दांडी कटरने कापायची, पट्ट्याला धार लागू द्यायची नाही, तुकडे ओढून काढायचे. शिवलेली कडी मोकळी होते. कडीची एक कड चिरेत तिरकी घालायची आणि चिमट्याने किंवा बोथट सुरीने सरकवत दुसरी कड आत घ्यायची. हात बसला की पाच मिनिटांचं काम. रानात, डोक्याला बॅटरी लावूनही जमतं, हे तोरणमाळच्या मुक्कामात अनुभवलं.

पण पट्टा सैल असताना कड पुन्हा चिरेतून बाहेर यायला बघते. ताण असेपर्यंत काही होत नाही. सॅक जीपच्या टपावर हादरे खात असते तेव्हा होतं. पट्टा बकलाच्या मापापेक्षा अरुंद असेल तर हटकून होतं. यावर उपाय असा की पट्टा आत गेल्यावर दांडीला लागून दाभणाने आणि मेणदोऱ्याने तीन-चार टाके आडवे घालायचे, म्हणजे कडीला हलायला जागा उरत नाही. तेवढं केलेलं एकही बकल सुटलेलं नाही. तरीही कमरेच्या पट्ट्याला मी हे बकल लावणार नाही. तिथे सॅकचं बरंचसं ओझं येतं, शिवाय बसता-उठता झटके बसतात. दांडीला चीर म्हणजे दांडी तेवढी कमजोर, हे उघड आहे. बाजूच्या आवळपट्ट्या, वरचं झाकण, छातीचा पट्टा, तंबूची पिशवी यांना बिनधास्त लावा.

कमरेच्या पट्ट्यासाठी शिलाई असलेलंच बकल, आणि शिलाई चपला-बॅगा शिवणाऱ्या माणसाकडूनच. भुसावळला स्टेशनच्या बाजूला बसणाऱ्या एका काकांकडे मी सामान नेतो. पहिल्याच वेळी सॅक उलटीपालटी करून ते म्हणाले, “भाऊ, कापड तं चांगलं शे, फेकू नको.” घरगुती मशीन पट्ट्याच्या तीन-चार थरांवर अडखळते, सुई वाकते. त्यांची आरी प्रत्येक टाक्याला दोन्ही बाजूंनी दोरा अडकवते, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगाव्या लागल्या: चौकट आणि तिच्यात फुली असा टाका घाला, आणि दोरा सुती नको, पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा घामाने आणि पावसाने कुजतो. बॉन्डेड पॉलिस्टरचं रीळ मीच नेऊन दिलं. पैसे त्यांनी इतके कमी सांगितले की मी हट्टाने जास्त दिले. या कारागिरांच्या हातावर आपलं सामान आणखी दहा वर्षं चालतं, त्याची किंमत नीट द्यायला हवी.

पट्टा बदलायची वेळ आली तर पॉलिप्रॉपिलिनचा स्वस्त पट्टा टाळा. हाताला गुळगुळीत आणि हलका लागतो, पण उन्हात त्याचे धागे सुटायला लागतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच घ्या. जाडीही बघा: पातळ पट्टा आवळणाऱ्या बकलात घसरतो आणि खांद्यावरची सॅक तासाभरात खाली उतरते. कापलेलं टोक लायटरने वितळवून घ्या, आणि टोकाची दुहेरी घडी शिवून टाका म्हणजे पट्टा बकलातून पूर्ण निघून जाणार नाही.

देखभाल फार नाही. काळ्या मातीची धूळ मादीच्या पोकळीत जाऊन बसते आणि वर पाणी पडलं की घट्ट होते. मग नर पूर्ण आत जात नाही. जुना टूथब्रश आणि साधं पाणी पुरतं. तेल लावू नका, त्याला धूळ आणखी चिकटते. गाडीत ठेवताना बकल लावूनच ठेवा. उघड्या मादीचा काठ चेपून तडकतो, नर आत असला की त्याला आधार मिळतो.

एक सावधानता कळकळीने सांगतो. ही बकलं सामानासाठी आहेत. मचाणावर किंवा कड्यावर माणसाचा जीव ज्या पट्ट्यावर असतो तिथे ती चालत नाहीत, ॲसिटलची असली तरी नाहीत. तिथे त्या कामासाठी प्रमाणित केलेलं धातूचं सामानच लागतं.

आता आमच्या प्रत्येक फेरीत एका छोट्या डबीत २० आणि २५ मिमीच्या फटीच्या दांडीच्या दोन-दोन जोड्या, दाभण, मेणदोरा आणि छोटा कटर असतो. अडलं आहे ते एकाच ठिकाणी. काही सॅकमध्ये छातीचा पट्टा खांदेपट्ट्याच्या शिवणीतल्या गोल पाइपिंगवर (कडेच्या दोरीसारख्या गोटावर) वरखाली सरकतो. ती सरकणारी क्लिप इथल्या बाजारात सुटी मिळालेली नाही, आणि ऑनलाइन मागवलेली आमच्या सॅकच्या पाइपिंगवर बसली नाही. तूर्त तिथे काकांनी खांदेपट्ट्यावर एक इंची पट्ट्याची कडी शिवून दिली आहे. उंची बदलता येत नाही, पण माझ्या अंगाला ती बरोबर बसते. दुसऱ्या कुणाला ती सॅक द्यायची झाली तर कडी उसवून पुन्हा शिवावी लागेल.