छताखालच्या दोन नळ्या: दोन आसनी गाडीचे अकरा महिने

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी कापडी छताची, दोन आसनांची परदेशी बनावटीची जुनी गाडी घेतली आणि अकरा महिन्यांत ती ६,४०० किलोमीटर चालवली. इंजिनाची ताकद, वेग आणि वळणावरची पकड यांविषयी मी लिहिणार नाही, कारण अशा गाडीत ज्यांना रस असतो त्यांना ते सारे पाठ असते. मला लिहायचे आहे ते छताखालून पाणी वाहून नेणाऱ्या, बोटभर जाडीच्या दोन रबरी नळ्यांविषयी.

छताच्या कडेने उतरणारे पावसाचे पाणी आसनांमागच्या पन्हाळीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांजवळ खाली पडते. नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पाने धुळीत कालवली जाऊन नळीच्या तोंडाशी बसतात, आणि वरून काहीच दिसत नाही. जुलैत तीन दिवस झड लागली आणि चौथ्या सकाळी बटण दाबूनही छत हलेना. छत उचलणाऱ्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) पंपाची मोटार डाव्या कोपऱ्यात, नेमकी त्याच पन्हाळीच्या तळाशी बसवलेली आहे. त्यामुळे पाणी तुंबले की सर्वांत आधी बुडते ती मोटारच. ही जागा ज्याने ठरवली त्याने आपला पावसाळा पाहिलेला नसावा, असे मी त्या दिवशी म्हणालो आणि आजही म्हणतो.

या गाडीचे अधिकृत सेवा केंद्र नाशकात नसल्याने ती टोइंगवर मुंबईला पाठवली, त्याचे ११,००० रुपये गेले. तेथे संपूर्ण पंप बदलण्याचा १ लाख ८६ हजारांचा अंदाज हाती दिला गेला आणि नळ्या साफ करण्याची मजुरी वेगळी सांगितली गेली. पाणी तुंबले कशामुळे, या माझ्या प्रश्नाला "साहेब, असेंब्लीच बदलावी लागते" एवढेच उत्तर तीनदा मिळाले. छत बंद असल्याने गाडी चालवता येत होतीच, हे मला तेथे उमगले. म्हणजे ते ११,००० रुपयेही वायाच गेले होते. ५ जून २०२५ रोजी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या ७६ किलोमीटरच्या आमणे ते इगतपुरी टप्प्यावरून मी ती स्वतः चालवत परत आणली. कसारा घाट टळला, पण राग काही उतरला नाही.

सातपूरला मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका तरुण कारागिराने ती मोटार माझ्यासमोर उघडली. वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, शाबूत होते. बेअरिंग गंजले होते आणि फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश अडकून बसले होते. त्याने १,९०० रुपये घेतले आणि बजावले, "काका, पंप वर घ्या, नाहीतर पुढच्या पावसात परत भेटू." आम्ही वायर वाढवून पंप डिकीत वरच्या बाजूला बसवला. नळ्यांसाठी गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी वापरतो आणि ती खालून वर सरकवतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण आतल्या जोडावरून नळी निसटली तर पाणी थेट पायांशी येते.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. स्टेपनी नाही, रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतो, आणि एकाची किंमत २४,००० रुपये आहे. मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाला हे कोणी कळवलेले नाही, त्यामुळे तो मी तिरका ओलांडतो.

पहिल्याच महिन्यात मी खर्चाच्या वहीत "विकावी" असे लिहून ठेवले होते. डिसेंबरात एका थंड पहाटे छत उघडून, पायांवर हीटर सोडून अंजनेरीपर्यंत गेलो आणि परतल्यावर तो शब्द खोडला. जुलैत तो पुन्हा लिहिला आणि मोटार चालू होताच पुन्हा खोडला. तो कागद आता फाटायला आला आहे.

दर रविवारी दोन्ही बाजूंना तांब्याभर पाणी ओततो आणि चाकाजवळ पहिला थेंब पडेपर्यंत आकडे मोजतो. उजवीकडे बारा होतात. गेल्या रविवारी डावीकडे वीस झाले, तेव्हा दोरी काढून पुन्हा गाडीखाली आडवा झालो.