कोर्टाने लावलेला डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलचा) क्लास झूमवर केला, त्याचा अनुभव

पहिला क्लास मी चुकीचा घेतला. त्याचे पैसे गेले ते गेलेच, वर तीन आठवडे गेले. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षीची गटारी. आमच्याकडे बे एरियात ती अमावस्येला नसते, आधीच्या शनिवारी असते, कारण दुसऱ्या दिवशी कुणाला ऑफिसची सकाळची स्टँडअप मीटिंग नसते. मित्राच्या घरून परत येताना पोलिसांनी थांबवलं, फुंकायला लावलं, रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा आला 0.11 टक्के. कॅलिफोर्नियात मर्यादा 0.08. कुणाला लागलं नाही, कुठे ठोकली नाही, पहिलीच वेळ. तरी बेड्या, रात्रभर कोठडी, वकील, दंड हे सगळं ओळीने झालं. आणि त्यासोबत 3 महिन्यांचा, 30 तासांचा दारूविषयक शिक्षणाचा प्रोग्राम. इथे त्याला सगळे ‘फाइव्ह फोर्टी वन’ म्हणतात, एबी 541 या कायद्यावरून. आकडा 0.20 किंवा त्याच्या वर असता तर हाच प्रोग्राम 9 महिन्यांचा झाला असता.

लाज एवढी होती की कुणालाही न विचारता रात्री दीड वाजता गुगल केलं. एका वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत ‘कोर्टमान्य’ लिहिलेलं. 12 तास, आपल्या वेळेने, पीडीएफ वाचा, प्रश्नांची उत्तरं द्या, सर्टिफिकेट घ्या. दोन रात्रींत उरकला. ते सर्टिफिकेट प्रिंट करून डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला. इथे फक्त राज्याच्या आरोग्य सेवा खात्याचा, म्हणजे डीएचसीएसचा, परवाना असलेला प्रोग्राम चालतो. त्या खात्याच्या साइटवर काउंटीनुसार यादी आहे, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे. आपण सॉफ्टवेअरवाले एरवी चाळीस डॉलरचा हेडफोन घेताना तीनशे रिव्ह्यू वाचतो.

लायसन्सचं गणितही याच प्रोग्रामला बांधलेलं आहे. माझ्या बाबतीत पहिले 30 दिवस गाडीला हात लावता येत नव्हता. त्यानंतर कामावर आणि क्लासला जाण्यापुरतं मर्यादित लायसन्स मिळू शकतं, पण त्यासाठी नाव नोंदवल्याचा पुरावा थेट प्रोग्रामकडून डीएमव्हीला जावा लागतो. सोबत एसआर-22 नावाचा विम्याचा कागद आणि फी. माझा चुकीचा क्लास असला पुरावा देऊच शकत नव्हता, त्यामुळे मी तीन आठवडे जास्तीचे उबरने ऑफिसला गेलो.

दुसऱ्या वेळी यादीतूनच निवडला. नाव लिहीत नाही. कोविडमध्ये झूमवर गेला तो तिथेच राहिलेला, फी माझ्या बाबतीत साडेसहाशे डॉलरच्या आसपास, हप्त्यांनी. दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास, शिवाय एक आठवड्याआड काउन्सेलरशी एकट्याने पंधरा मिनिटं.

‘ऑनलाइन’ या शब्दाने मी फसलो होतो. कॅमेरा बंद करून मागे जिरं फोडणीला टाकता येईल असं वाटलं होतं. तसलं काही नाही. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, पाच मिनिटं उशीर झाला की वेटिंग रूममधून आत घेत नाहीत आणि गैरहजेरी लागते. दुसऱ्या आठवड्यात एक जण गाडी चालवता चालवता जॉइन झाला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या क्लासला! काउन्सेलरने शांतपणे विचारलं, “आर यू ड्रायव्हिंग?” तो “नो नो” म्हणेपर्यंत त्याच्या मागे फ्रीवेचा बोर्ड सरकला. त्याला तिथेच काढलं.

आमचा गट बारा जणांचा. छपरांची कामं करणारा एक कंत्राटदार, एक नर्स, वेअरहाऊसच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीतून बसणारी एक मुलगी, एक निवृत्त शिक्षक आणि मी. आपण चुकून या रांगेत आलोय असं मला पहिले तीन आठवडे वाटत होतं. नंतर लक्षात आलं, बाराही जणांना तेच वाटत होतं.

आता मुख्य गोष्ट. शिकवण्याचा भाग बहुतेक वेळा कंटाळवाणा होता. जुने व्हिडिओ, मेंदूचं चित्र, यकृताचं चित्र. पण चौथ्या आठवड्यात काउन्सेलरने सगळ्यांना स्वयंपाकघरातून मापाचा कप आणि रोजचा ग्लास आणायला सांगितलं. ग्लासात पाणी ओता, म्हणाली, जेवढी दारू तुम्ही एरवी ओतता तेवढं. मी सवयीने ओतलं, दोन बोटं आणि वर थोडं. मग ते कपात काढून मोजलं: 75 मिली. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, 40 टक्क्यांच्या व्हिस्कीत साधारण 44 मिली. म्हणजे माझा एक पेग पावणेदोन ड्रिंकच्या जवळ. पोलिसाला मी छातीठोकपणे “थ्री ड्रिंक्स, ऑफिसर” असं सांगितलं होतं आणि ते मला खरंच वाटत होतं. तीन पेग होते, ड्रिंक पाच होती. आपल्याकडचा मोजून ओतलेला लार्जसुद्धा 60 मिलीचा, आणि गटारीला कोण मोजतो? यजमान आग्रहाने ओततो आणि आपण “बस, बस” म्हणत ग्लास पुढे धरतो.

पुढचं गणित तिथेच झालं. शरीर तासाला साधारण 0.015 उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. 0.11 वरून शून्यावर यायला सात तासांहून जास्त. याआधी कितीतरी रविवारी सकाळी आठला मी मुलाला क्रिकेटला सोडायला गेलोय. तो हिशोब मी म्यूटवर बसून केला.

एकदा काउन्सेलरने विचारलं, तुझ्या देशात मर्यादा किती? मी हसत म्हणालो, तिकडे कोण बघतंय. तिने पुढच्या मंगळवारपर्यंत शोधून आणायला सांगितलं. मोटार वाहन कायदा, कलम 185: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03. मुंबईच्या नाकाबंदीत मी केव्हाच अडकलो असतो. गटात बराच वेळ हशा.

कोर्टाने आणखी एक लावलं होतं, व्हिक्टिम इम्पॅक्ट पॅनल, म्हणजे अशा अपघातांत आपलं माणूस गमावलेल्यांना ऐकायचं. हे बऱ्याच ठिकाणी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना घेते. कँडेस लाइटनर यांची 13 वर्षांची मुलगी 1980 मध्ये कॅलिफोर्नियातच दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली गेली, त्यानंतर त्यांनी ती सुरू केली. मी केलेलं पॅनलही झूमवरच. एक बाई भावाबद्दल बोलत होत्या. मध्येच त्यांचा कुत्रा भुंकायला लागला, त्यांनी “सॉरी” म्हणून म्यूट केलं, उठून दार लावलं आणि परत येऊन वाक्य तिथूनच पुढे नेलं. हॉलमध्ये मी खाली मान घालून बसलो असतो. इथे कोपऱ्यातल्या चौकोनात माझाच चेहरा मला दिसत होता, मीटिंगमध्ये ऐकल्यासारखं दाखवायचा असतो तसा. तो चौकोन लपवायचं बटण कुठे असतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी दाबलं नाही.

तक्रारी आहेतच. त्यांचं पेमेंट पोर्टल दोनदा अडकलं आणि एकदा हजेरी लागली नाही. मी दर वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवत होतो म्हणून निभावलं, तुम्हीही काढा. झूमवर तोंडाचा वास येत नाही, त्यामुळे कॉफीच्या मगात काय आहे ते कळायला मार्ग नाही. एकाच्या मगाबद्दल मला शंका होती, आणि काउन्सेलरलाही असावी. पंधरा मिनिटांच्या भेटी मात्र समोरासमोर हव्या होत्या, स्क्रीनवर मी फार सफाईने बोललो. पाचपैकी साडेतीन.

शेवटी हातात काहीच मिळत नाही. प्रोग्राम पूर्ण झाल्याचा दाखला प्रोग्रामकडूनच डीएमव्हीला जातो. बायकोने विचारलं, “झालं? मग फ्रेम करायचं का?” घरी, नाशिकला, कुणाला सांगितलेलं नाही. तीन महिने आई विचारायची, दर बुधवारी सकाळी फोन का लागत नाही रे. ऑफिसचं ट्रेनिंग असतं असं सांगत होतो.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट वकील सहसा उशिरा सांगतात. अटक झाल्यावर, निकाल लागायच्याही आधी, पासपोर्टमधला व्हिसा रद्द केल्याचा ईमेल दूतावासाकडून येऊ शकतो. मला आला. इथे राहायला आणि काम करायला त्याने अडत नाही, पण एकदा देश सोडला की नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि त्याआधी त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासणी. हा क्लास पूर्ण केल्याचे कागद तिथे सोबत न्यायचे, एवढं वकिलाने सांगितलंय. प्रोग्रामकडून सही-शिक्क्याची प्रत आत्ताच मागून घ्या, नंतर मागितली की आठवडे लागतात.

आई दिवाळीला ये म्हणते. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीची तारीख मी अजून घेतलेली नाही.