चुण्यांचा मास्क की मधोमध शिवणीचा?

घरच्या चार-पाच जणांसाठी कापडी मास्क शिवायचे, तर आधी आकार ठरवावा लागतो: चुण्यांचा चौकोनी, की मधोमध उभी शिवण असलेला, नाकावर टोकदार येणारा. कापड दोन्हींना एकच, घट्ट विणीचं सुती. कापण्याआधी ते गरम पाण्यात धुऊन इस्त्री करा, नाहीतर पहिल्याच धुण्यात मास्क आटतो आणि हनुवटी उघडी पडते.

चुण्यांच्या मास्कला नमुना लागत नाही. मोठ्यांसाठी ९ × ७ इंचांचे दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा. ७ इंची इलॅस्टिकची टोकं कोपऱ्यांत आतल्या बाजूने अडकवा आणि कडेपासून पाव इंचावर टीप मारा. एका बाजूला दोन इंच जागा सोडून तिथून उलटवा. मग अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या घाला. प्रत्येक चुणीत एक इंच कापड जातं, म्हणून साडेसहा इंचांची उंची साडेतीनवर येते. बाहेरून चुण्यांची तोंडं खाली हवीत, वर राहिली की धूळ साठते. लहान मुलांसाठी ७.५ × ५ इंच, चुण्या पाव इंचाच्या. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र कुठलाच मास्क घालायचा नाही.

घोळ होतो तो चुण्या पक्क्या करणाऱ्या बाजूच्या टिपेत. दोन पदरी मास्कमध्येही चुणीपाशी सहा पदर सुईखाली येतात. पातळ सुई तिथे मोडते किंवा टाके गाळते. १४ नंबरची सुई लावा, टाका ३ मिलिमीटरचा ठेवा आणि जाड जागी चाक हाताने फिरवा.

जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन पदर सुचवले होते: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रोपिलीन, बाहेर पॉलिस्टर किंवा मिश्र कापड. असे तीन पदर घ्यायचे असतील तर चुण्यांचा नाद सोडलेला बरा, कारण चुणीपाशी नऊ पदर होतात. मधोमध शिवणीच्या मास्कला हा त्रास नाही. फक्त पॉलिप्रोपिलीनवर गरम इस्त्री टेकवू नका, ते वितळतं.

या दुसऱ्या प्रकारात खरी मेहनत कागदी नमुन्याची. नाकाच्या वरच्या हाडापासून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीखालपर्यंत टेप धरा. तेवढी मधल्या शिवणीची लांबी, वर शिवणीसाठी जादा कापड. माप कमी पडलं की बोलताना मास्क नाकावरून घसरतो. वळणाची टीप मारल्यावर दर अर्ध्या इंचाला टिपेच्या अलीकडेपर्यंत कात्रीने काप द्या. ते चुकवले तर उलटवल्यावर शिवण ओढली जाते आणि नाकापाशी सुरकुत्या पडतात. पहिला मास्क जुन्या चादरीचाच शिवून बघा.

चष्मेवाल्यांसाठी आणि दिवसभर बोलणाऱ्यांसाठी शिवणीचाच घ्या: कापड ओठांना चिकटत नाही आणि वरची कड गालाला नीट बसते. नाकासाठी चार इंचांची ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही प्रकारांत घाला. साधी लोखंडी तार धुण्यात गंजते. बाकीच्यांना चुण्यांचा पुरतो, कारण एकाच मापात बरेच चेहरे बसतात. इलॅस्टिकने कान दुखत असतील तर कोपऱ्यांना १८ इंचांच्या चार नाड्या लावा. उकळत्या पाण्यात इलॅस्टिक लवकर सैल पडतं, सुती नाडीचं तसं होत नाही.