दाराचं पॅड आणि ब्युटाइल टेप: जुन्या पिकअपमध्ये पावसाळाभर वापरल्यानंतर

जून ते सप्टेंबर ब्युटाइल टेप (फटी बंद करणारी रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावून वापरून झाली, म्हणून आता लिहितो. टेप चांगली आहे, पण केबिनमध्ये पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय रोल विकत घेऊ नका.

पाणी कसलं आहे ते आधी ठरवा. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), म्हणजे हीटरचा कोअर (ज्यातून गरम कूलंट फिरतं ती जाळी) गेला. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर डाव्या बाजूला पायाखाली साचत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. फक्त पावसात येत असेल तरच पुढची खटपट.

मॅट आणि खालचा फोम काढा. फोम पाणी धरून दुसरीकडेच सोडतो आणि फसवतो. पत्रा कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पाइपला नोझल न लावता मंद धार सोडा, एकेका जागी 5 मिनिटं, आणि नेहमी खालून वर: दाराचा खालचा भाग, दाराच्या काचेची पट्टी, वायपरखालचा काउल (काचेच्या पायथ्याची जाळीची पट्टी), पुढच्या काचेचं रबर, सगळ्यात शेवटी छताची पन्हळ. वरून सुरुवात केली तर खालचं सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. पावडरीत पहिला ओघळ जिथून उमटतो, तिथून माग काढायचा.

जुन्या गाड्यांत हा माग बऱ्याचदा दाराच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणामागे, जातो. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरणारच, दार तसंच बनवलेलं असतं. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद ते पाणी दाराच्या आतच ठेवतो. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करणारी मशीन बदलताना हा कागद टराटरा फाडून फेकला जातो, आणि मग गॅरेजमध्ये पुढच्या काचेला सिलिकॉन मारून देतात! याची मनापासून चीड येते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं, त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या वेळी नवं सिलिकॉनही नीट चिकटत नाही.

नवा कागद जाड प्लास्टिकचा कापा. जुना असेल तर तोच नमुना. पत्रा स्पिरिटने पुसा, कडेने टेपची सलग रेघ द्या, कोपऱ्यात तोडू नका. दोन दारांना साधारण 6 मीटर लागते. कागदाची खालची कड दाराच्या आत खोचायची. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. भोकं तारेने मोकळी करा.

जूनमध्ये या टेपला पैकीच्या पैकी गुण दिले असते. दारांसाठी आजही देतो: पॅड खोलून पाहिलं, टेप मऊच आहे, कागद सोलून परत बसवता येतो. छताच्या पन्हळीवर मात्र ती नको. ऊन पडलं की पाझरते, धूळ धरते, कड सुटते. तिथे जुना सीलर खरवडून, गंज काढून, प्रायमर मारून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच भरा. एक दिवस वाळू द्या आणि वरून रंग मारा, नाहीतर उन्हाने त्याला भेगा पडतात.

दुकानात ब्युटाइल मागितली की छपराची चंदेरी फॉइलवाली टेप पुढे करतात. ती एकाच बाजूने चिकटते, दाराला उपयोगाची नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, मध्ये सुटा कागद असलेली काळी टेपच मागून घ्या.